क्लायंट सेशनमध्ये "त्याला संपवणार" म्हणाला, तर कायद्याने आपल्यावर नेमकं काय बंधन आहे?

चाफा

नमस्कार. नाशिकमधल्या आमच्या समुपदेशन केंद्राची लेखी कार्यपद्धती तयार करतो आहोत. केंद्रात समुपदेशक आहेत, एक आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत आणि एक मानसोपचारतज्ज्ञ ठरलेल्या दिवशी येतात. बाकी सगळं लिहून झालं, एका मुद्द्यावर गाडी अडली आहे: क्लायंटने तिसऱ्याच माणसाला इजा करण्याचा इरादा बोलून दाखवला तर?

अभ्यासक्रमात तारासॉफ खटला (क्लायंटने इरादा थेरपिस्टला आधी सांगून एका तरुणीचा खून केला, तो) सगळ्यांनीच वाचलेला. त्यामुळे मसुद्यात एकीने "संभाव्य बळीला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे" असं लिहिलं. दुसरा सहकारी म्हणतो, तो अमेरिकेतला निकाल आहे, इथे गोपनीयता मोडली तर उलट आपल्यावरच केस होईल. कलम विचारलं की दोघंही गप्प.

मला हवं आहे ते असं. भारतात हे बंधन आहे की नुसती मुभा? कळवायचं झालं तर आधी कुणाला, आणि किती? रागात बोललेलं वाक्य आणि खरा धोका यांत फरक कसा करायचा? संमतीपत्रात काय लिहायचं? कृपया कलमांसकट सांगा. "परिस्थिती पाहून ठरवा" हे वाक्य मसुद्यात आधीच तीनदा आलं आहे.

वकीलकाका

दोघांचंही निम्मं बरोबर आहे, पण कार्यपद्धती निम्म्यावर चालत नाही.

तारासॉफ हा कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. भारतातल्या कोणत्याही न्यायालयावर तो बंधनकारक नाही, आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयाने "थेरपिस्टने संभाव्य बळीला सावध केलंच पाहिजे" असा नियम घालून दिलेला नाही. मसुद्यातलं ते वाक्य काढा. पण त्या जागी "लागू नाही" असं लिहून मोकळे होऊ नका, कारण आपल्याकडे तीन वेगवेगळे कायदे इथे येऊन भिडतात.

पहिला, मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम २३. गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आणि ती पाळणं हे आरोग्य व्यावसायिकाचं कर्तव्य, हे तिथे आधी सांगितलं आहे. मग अपवाद येतात. त्यातला खंड (क), म्हणजे इंग्रजी प्रतीतला तिसरा, सांगतो की दुसऱ्या कुणाला इजेपासून किंवा हिंसेपासून वाचवण्यासाठी आवश्यक असेल तर माहिती देता येते. लगेच पुढचा खंड हात बांधतो: ओळखलेल्या त्या धोक्यापासून संरक्षण करायला लागेल तेवढीच माहिती. म्हणजे कलम २३ ही मुभा आहे, सक्ती नाही, आणि मुभेला माप आहे. मापाबाहेर गेलात तर कलम १०८ आहे: पहिल्या उल्लंघनाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुमच्या दुसऱ्या सहकाऱ्याची भीती इथून येते. पण खंड (क)च्या मापात राहून कळवलं तर ते उल्लंघन होतच नाही.

दुसरा कायदा मानसशास्त्राच्या वर्गात सहसा कुणी शिकवत नाही, आणि खरी सक्ती तिथेच आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ३३ (१ जुलै २०२४ च्या आधी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३९ होतं). काही ठरावीक गुन्हे घडल्याचं, किंवा कुणाचा ते करण्याचा इरादा असल्याचं, ज्याला माहीत आहे अशा प्रत्येक व्यक्तीने जवळच्या दंडाधिकाऱ्याला किंवा पोलीस अधिकाऱ्याला ताबडतोब कळवायचं आहे. "प्रत्येक व्यक्तीने", म्हणजे डॉक्टर-समुपदेशक सगळे आले. यादीत खून आणि सदोष मनुष्यवध आहेत, दरोडाही आहे. साधी किंवा गंभीर दुखापत यादीत नाही, ॲसिड हल्ला नाही, बलात्कारही नाही. यादी अशी का, याचं समाधानकारक उत्तर देता येणार नाही, पण कायदा आज असा आहे. न कळवण्याला "वाजवी कारण" असेल तर सूट आहे. मात्र ते कारण सिद्ध करण्याचा भार न कळवणाऱ्यावर. चूक झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २११ खाली सहा महिन्यांपर्यंत साधी कैद होऊ शकते.

आता "इरादा माहीत असणं" म्हणजे काय, हा सगळा वादाचा भाग. "मरू दे तो एकदाचा" हा इरादा नाही. "शनिवारी तो गावी येणार आहे, कोयता गाडीच्या डिकीत ठेवलाय" हा इरादा आहे. मधला पट्टा रुंद आहे, आणि तिथे तुमची टिपणंच तुमचा बचाव असतात.

तिसरा, पॉक्सो २०१२, कलम १९. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याची माहिती असेल किंवा होण्याची शक्यता वाटत असेल, तर विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे. इथे "वाजवी कारण" वगैरे पळवाट नाही. न कळवल्यास कलम २१ लागतं. सद्भावनेने कळवणाऱ्याला त्याच कलम १९ मध्ये संरक्षण आहे.

घरगुती हिंसेसाठी आणखी एक दार आहे, ते फारच कमी वापरलं जातं. घरगुती हिंसाचार कायदा २००५, कलम ४: अशी हिंसा झाली आहे, होते आहे किंवा होण्याची शक्यता आहे असं मानायला कारण असलेली कुणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते, आणि सद्भावनेने कळवणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. ही सक्ती नाही, पण पत्नी किंवा घरातली बाई लक्ष्य असेल तर पोलिसांच्या जोडीला हा मार्ग नक्की लिहून ठेवा.

तुमच्याकडे येणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांना यावर वैद्यकीय परिषदेचे २००२ चे आचारनियमही लागू आहेत. नियम ७.१४ प्रमाणे विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर आणि ओळखता येण्याजोगा धोका असेल तर रुग्णाचं गुपित उघड करता येतं. आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये मिस्टर एक्स विरुद्ध हॉस्पिटल झेड या एचआयव्हीसंबंधी प्रकरणात गोपनीयतेचं कर्तव्य निरपवाद नाही, दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर ते मागे पडतं, असं म्हटलं. त्या निकालाच्या लग्नाच्या हक्काविषयीच्या भागावर पुढे फेरविचार झाला, पण गोपनीयतेबद्दलचा हा धागा आजही उद्धृत होतो.

एक खाच लक्षात ठेवा. २०१७ चा कायदा "मानसिक आजार असलेल्या व्यक्ती"साठी आहे. जमिनीच्या वादात भावावर चिडलेला, पण कोणताही मानसिक आजार नसलेला माणूस समुपदेशनाला आला तर कलम २३ थेट लागू होत नाही. तिथे गोपनीयता तुमच्या संमतीपत्रावर, व्यवसायाच्या नीतिनियमांवर आणि एकूण खासगीपणाच्या हक्कावर उभी असते. कलम ३३ मात्र त्यालाही लागू आहेच.

डॉ. बकुळ

कायद्याचं काकांनी सांगितलंच आहे. मी मानसोपचाराच्या बाजूने लिहिते, कारण कलमं पाठ असूनही माणसं चुकतात ती धोक्याचं मोजमाप करताना.

सगळ्यात आधी, ज्यांच्याबद्दल *कळवायचं नाही* ते ओळखा. ओसीडीमध्ये (नकोसे विचार पुन्हा पुन्हा येण्याचा आजार) इजा करण्याचे विचार अगदी ठरावीकपणे येतात: बाळाला गॅलरीतून फेकेन, आईला सुरीने भोसकेन. माणूस या विचारांनी हादरलेला असतो, सुऱ्या लपवून ठेवतो, बाळाला हात लावायचं टाळतो. इच्छा नसते, भीती असते. अशा क्लायंटच्या घरी किंवा पोलिसांना फोन करणं म्हणजे त्याच्या आजारालाच पुरावा हातात देणं, आणि तो पुन्हा कधीच उपचारांकडे येत नाही. बाळंतिणींच्या बाबतीत हा फरक जीवन-मरणाचा आहे. विचार नकोसा वाटणं, त्याची लाज वाटणं हे ओसीडीकडे झुकतं. पण तीच बाई झोपेविना, गोंधळलेली, "हे बाळ माझं नाही, याच्यात काहीतरी शिरलंय" असं शांतपणे सांगत असेल, तर ती प्रसूतीनंतरची सायकोसिस (वास्तवाचं भान सुटण्याची अवस्था) असू शकते. ती तातडीची वैद्यकीय अवस्था आहे, त्याच दिवशी दवाखाना.

उलट ज्यांच्याकडे सौम्य वाटलं तरी दुर्लक्ष करू नये असे काही प्रकार आहेत. पत्नीच्या चारित्र्याबद्दलचा भ्रम, विशेषतः दारूच्या जोडीने. इथे बळी ठरलेली असते, एकाच घरात झोपते, आणि क्लायंट सेशनमध्ये बहुधा धमकी देतच नाही. तो "पुरावे" सांगत बसतो: मोबाईल तपासला, चादर तपासली, पाठलाग केला. धमकी नाही म्हणून धोका नाही असं समजू नका. दुसरं, आज्ञा देणारे आवाज. आवाज कुणाचा, तो ओळखीचा वाटतो का, आधी त्याचं कधी ऐकलं आहे का, हे तिन्ही विचारा. तिसरं, आपलं कुणावर तरी प्रेम आहे आणि ती व्यक्तीही मनातून प्रेम करते हा भ्रम, आणि ताजा नकार.

धमकी ऐकू आली की विषय बदलू नका, तिथेच थांबून सरळ विचारा. कुणाला? त्या व्यक्तीचं नाव-गाव काय, ती आत्ता कुठे आहे? कशाने, आणि ते हत्यार हाताशी आहे का? (आपल्याकडे बंदुकीपेक्षा कोयता, ॲसिड, रॉकेल, शेतावरचं कीटकनाशक यांबद्दल विचारावं लागतं.) केव्हा? आजवर कुणावर हात उचलला आहे का, पोलीस केस झाली आहे का? पाठलाग केला, घर पाहून ठेवलं, अशी काही तयारी झाली आहे का? दारू किंवा गांजा? औषधं कधी थांबवली? आणि शेवटचा प्रश्न, जो फार जण विसरतात: "असं होऊ नये म्हणून तुम्हाला कोण थांबवू शकेल?" याच्या उत्तरात नाव आलं तर उपाय तिथून सुरू होतो. विचारल्याने कल्पना डोक्यात शिरते ही भीती निराधार आहे. उलट बहुतेक माणसांना कुणीतरी स्पष्ट विचारल्याचा दिलासा वाटतो.

हिंसेचा धोका मोजणारी एचसीआर-२० सारखी साधनं उपयोगी आहेत (वीस मुद्दे: दहा इतिहासाचे, पाच सध्याच्या मानसिक स्थितीचे, पाच पुढच्या व्यवस्थेचे), पण त्यासाठी प्रशिक्षण लागतं आणि पन्नास मिनिटांच्या सेशनमध्ये ते बसत नाही. समुपदेशकांसाठी वरचे प्रश्न छापून टेबलाच्या खणात ठेवा.

आता दाखल करण्याबद्दल. अनेकांना वाटतं की मानसोपचारतज्ज्ञाने सही केली की भरती. तसं नाही. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ८९ प्रमाणे इच्छेविरुद्ध भरती तीस दिवसांपर्यंत होते, त्यासाठी नामनिर्देशित प्रतिनिधीचा (रुग्णाच्या वतीने निर्णयात मदत करायला नेमलेल्या व्यक्तीचा) अर्ज लागतो, आणि त्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत दोघांनी स्वतंत्रपणे तपासलेलं असावं लागतं: एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर. आजाराची तीव्रता इतकी हवी की त्याने अलीकडे दुसऱ्यावर हिंसा केली आहे किंवा दुसऱ्याला इजेची भीती वाटावी असं वागला आहे. इतका वेळ नसेल तर कलम ९४: कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, कोणत्याही दवाखान्यात किंवा घरीसुद्धा, बहात्तर तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो, जर त्याशिवाय रुग्ण स्वतःला किंवा इतरांना गंभीर इजा करेल. प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घ्यायची. या काळात विजेचे झटके देता येत नाहीत. म्हणजे नाशिकला रात्री मानसोपचारतज्ज्ञ मिळाला नाही तरी जवळच्या रुग्णालयातला एमबीबीएस डॉक्टर हात वर करू शकत नाही. हे वाक्य कार्यपद्धतीत जाड ठशात असू द्या.

आणि ज्याला मानसिक आजारच नाही, त्याला यातलं काहीच लागू नाही. सूडाने पेटलेल्या निरोगी माणसाला "शांत व्हायला" भरती करणं बेकायदेशीर आहे. ते पोलिसांचं काम.

चाफा

डॉक्टर मॅडम, काका, मनापासून आभार. एक गुंता: नामनिर्देशित प्रतिनिधी बहुतेक वेळा पत्नीच असते, आणि धोकाही तिलाच असतो. मग?

डॉ. बकुळ

तिला कळवायला दोन आधार मिळतात, प्रतिनिधी म्हणूनही आणि बळी म्हणूनही. पण भरतीच्या अर्जावर तिची सही घेतली की घरी परतल्यावर राग तिच्यावर निघतो, हे गृहीत धरा. यावरचा उपाय संकटाच्या आधी करायचा असतो. कलम १४ प्रमाणे साध्या कागदावर क्लायंटची सही किंवा अंगठा घेऊन प्रतिनिधी नेमता येतो, आणि नंतर बदलताही येतो. पहिल्या-दुसऱ्या सेशनमध्येच, डोकं शांत असताना, हा कागद करून घ्या आणि शक्यतो ज्याच्याशी वैर नाही असा भाऊ, मेहुणा, मित्र सुचवा. नेमणूक केलेलीच नसेल तर कायद्यातल्या क्रमाने नातेवाईक, मग काळजीवाहक असं खाली जाता येतं.

खाडीपार

कॅलिफोर्नियात परवानाधारक थेरपिस्ट म्हणून काम करते. तारासॉफबद्दल मराठी वर्गांमध्ये जे सांगितलं जातं त्यात दोन गोष्टी नेहमी सुटतात, म्हणून लिहिते.

प्रसेनजित पोद्दार हा बंगालमधून बर्कलीला नौकाबांधणी शिकायला आलेला विद्यार्थी. १९६९ च्या उन्हाळ्यात विद्यापीठाच्या काउवेल रुग्णालयात तो डॉ. लॉरेन्स मूर या मानसशास्त्रज्ञांकडे जात होता. तातियाना तारासॉफला मारण्याचा इरादा त्याने त्यांना सांगितला. मूर गप्प बसले नाहीत. त्यांनी कॅम्पस पोलिसांना सांगितलं, लेखी पत्रही दिलं, त्याला रुग्णालयात ठेवावं असं सुचवलं. पोलिसांनी त्याला ताब्यात घेतलं, तो भानावर, समंजस वाटला, "तिच्यापासून लांब राहीन" असं वचन घेऊन सोडून दिलं. त्यानंतर मानसोपचार विभागाच्या प्रमुखांनी ते पत्र परत मागवलं, प्रती आणि टिपणं नष्ट करायला सांगितली, आणखी काही करू नये असा आदेश दिला. त्या वेळी ब्राझीलमध्ये असलेल्या तातियानाला किंवा तिच्या आईवडिलांना कुणीच काही कळवलं नाही. ती परत आली, आणि २७ ऑक्टोबर १९६९ रोजी पोद्दारने तिला ठार मारलं.

म्हणजे हा गप्प बसलेल्या थेरपिस्टचा खटला नाही. पोलिसांना कळवूनही संरक्षण झालं नाही, असा तो खटला आहे. हे समजलं की निकाल वेगळा वाचता येतो. १९७४ च्या पहिल्या निकालात भर सावध करण्याच्या कर्तव्यावर होता. न्यायालयाने प्रकरण पुन्हा ऐकलं आणि १९७६ च्या निकालात ते *वाजवी काळजी घेऊन संरक्षण करण्याचं* कर्तव्य झालं: बळीला कळवणं, पोलिसांना कळवणं, किंवा परिस्थितीप्रमाणे जे वाजवी असेल ते. आजही अनेक वर्गांत १९७४ चाच निकाल शिकवला जातो.

दुसरी सुटलेली गोष्ट म्हणजे त्यानंतरचा कायदा. इथल्या दिवाणी संहितेचं कलम ४३.९२ थेरपिस्टची जबाबदारी आखून देतं: रुग्णाने *थेरपिस्टला* कळवलेली, *वाजवीपणे ओळखता येणाऱ्या* बळीविरुद्धची, शारीरिक हिंसेची *गंभीर* धमकी. बळीला आणि पोलिसांना, दोघांनाही कळवण्याचा वाजवी प्रयत्न केला की थेरपिस्टवर नुकसानभरपाईची जबाबदारी येत नाही. २०१३ पासून कलमाच्या शब्दांतून "सावध करणं" गेलं आणि "संरक्षण" राहिलं. २००४ च्या युइंग विरुद्ध गोल्डस्टीन निकालाने रुग्णाच्या जवळच्या नातेवाइकाने थेरपिस्टला सांगितलेली धमकीही मोजली. शिवाय अशी धमकी पोलिसांना चोवीस तासांत कळवायची असते, आणि त्यावरून त्या व्यक्तीला पाच वर्षं बंदूक बाळगायला बंदी येते.

आणि "अमेरिकेत असं आहे" हे वाक्यही चूक आहे. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये थापर विरुद्ध झेझुल्का प्रकरणात बळीला सावध करण्याचं कर्तव्य नाकारलं. तिथला कायदा पोलिसांना किंवा वैद्यकीय लोकांना सांगण्याची फक्त मुभा देतो. वॉशिंग्टन राज्यात २०१६ च्या वोल्क निकालाने बळी नावाने ठरलेला नसला तरी कर्तव्य लागू शकतं असं म्हटलं. राज्य बदललं की कर्तव्य बदलतं. नाशिकहून परदेशस्थ मराठी क्लायंटना ऑनलाइन बघत असाल तर हे विसरू नका. (तिथला परवाना नसताना बघावं का, हा त्याच्याही आधीचा प्रश्न आहे.)

पेठकर

एवढा काथ्याकूट कशाला? धमकी ऐकली की ११२ लावायचा, पोलीस बघून घेतील. आपण थेरपिस्ट आहोत, न्यायाधीश नाही.

वकीलकाका

पेठकर, वरची बर्कलीची हकीकत पुन्हा वाचा. पोलिसांना कळवणं ही एक पायरी आहे. जीव तात्काळ धोक्यात असेल, क्लायंट हत्यार घेऊन निघाला असेल, तर ११२ ला पर्याय नाहीच. पण बाकी वेळी नुसत्या फोनने काय होतं? ठाणे अंमलदार विचारतो, "घटना घडली का?" नाही म्हटलं की "घडली की या" किंवा फार तर अदखलपात्र नोंद. यात त्याचा दुष्टपणा नसतो. त्याला कोणत्या कलमाखाली काय करायचं हे तुम्ही सांगितलेलंच नसतं.

म्हणून लेखी द्या. वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे, एक पानाच्या आत, शक्यतो ज्या हद्दीत बळी राहते त्या ठाण्यात, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक, वेळ घ्या. त्यात लिहायचं: तुमचं नाव आणि नोंदणी, धमकी देणाऱ्याचं नाव-पत्ता, लक्ष्य कोण, कोणत्या तारखेला, किती वाजता, नेमके कोणते शब्द, हत्यार आणि ठरलेली वेळ माहीत असल्यास. शेवटी विनंती: नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ प्रमाणे दखलपात्र गुन्हा रोखण्यासाठी कारवाई व्हावी. ठरवलेला गुन्हा दुसऱ्या कशाने टळणार नाही असं दिसलं तर कलम १७० खाली पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात, पण त्याच कलमाखाली चोवीस तासांच्या वर ठेवू शकत नाहीत. म्हणून शांतता राखण्याच्या बंधपत्रासाठी कलम १२६ ची कार्यवाहीही मागा. मानसिक आजारामुळे धोका असेल तर मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १०० चा उल्लेख करा: अशा व्यक्तीला ताब्यात घेऊन चोवीस तासांच्या आत जवळच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत न्यायचं असतं, कोठडीत ठेवायचं नसतं.

काय लिहायचं *नाही*: निदान, औषधांची यादी, बालपण, लैंगिक इतिहास, लग्नातल्या भानगडी. "माझ्या मूल्यांकनानुसार धोका गंभीर आणि नजीकचा आहे" एवढं पुरतं. सगळी केस फाइल जोडून देणारे लोक कलम २३ चं माप तिथेच ओलांडतात, आणि तो कागद पुढे घटस्फोटाच्या दाव्यात फिरताना दिसतो.

डॉ. बकुळ

पेठकरांना मी आणखी एक कारण देते. पोलीस दारात आले की क्लायंट आणि उपचार यांचा धागा तुटतो, आणि बहुतेक वेळा त्याला शांत ठेवणारी एकमेव गोष्ट तीच असते. म्हणून वेळ असेल तेव्हा हलक्या उपायापासून सुरुवात करा: त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे, सेशन आठवड्याऐवजी दोन दिवसांनी, हत्यार किंवा कीटकनाशक दुसऱ्याच्या ताब्यात, दारूवर उपचार, काही दिवस दुसऱ्या नातेवाइकाकडे राहणं. शक्य असेल तर क्लायंटला आधी सांगा की आता मला कळवावं लागणार आहे. काही वेळा तो स्वतःच तुमच्यासमोर फोन लावतो. मात्र सांगितल्याने तो ताबडतोब निघेल किंवा तुमच्यावरच येईल असं वाटलं, तर सांगू नका.

बळीला कळवताना स्वतः फोन करा, व्हॉट्सॲप नाही, घरच्या कुणाकरवी निरोप नाही. आधी विचारा, "आत्ता बोलायला मोकळ्या आहात का? शेजारी कुणी आहे?" मग दोन-तीन सरळ वाक्यं: "मी अमुक केंद्रातून बोलते आहे. अमुक व्यक्तीने तुम्हाला इजा करण्याचा इरादा बोलून दाखवला आहे आणि मी तो गंभीरपणे घेते. आज रात्री तुम्ही सुरक्षित ठिकाणी थांबा. पोलिसांना मी कळवलं आहे." समजलं का ते तिच्याच शब्दांत वदवून घ्या. महिला हेल्पलाइन १८१ आणि संरक्षण अधिकाऱ्याचा नंबर द्या. ती "का? त्याला काय झालंय?" असं विचारेलच. त्याचं उत्तर द्यायचं नाही.

एका बाबतीत हात आवरा. मुलगी घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न करून गेली आहे आणि क्लायंट तिचा भाऊ किंवा बाप आहे, तेव्हा तिचा पत्ता-नंबर मिळवण्यासाठी घरात चौकशी करू नका. तुमच्या चौकशीतूनच तिचा ठावठिकाणा त्याला कळेल. तिथे पोलिसांमार्फतच जा.

चाफा

संमतीपत्रासाठी हे चालेल का? "तुम्ही इथे सांगितलेलं गोपनीय राहील. मात्र तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला गंभीर धोका आहे असं वाटल्यास, लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं कळल्यास, किंवा न्यायालयाचा आदेश आल्यास, आवश्यक तेवढीच माहिती आम्ही संबंधितांना देऊ. शक्य असेल तेव्हा आधी तुम्हाला सांगू."

वकीलकाका

चालेल. "किंवा अन्य सक्षम प्राधिकरणाचा" एवढं न्यायालयापुढे जोडा. आणि हे वाचून दाखवा, नुसती सही नको. वाचून दाखवल्याची तारीख टिपणात यायला हवी. आपल्या पुरावा कायद्यात वकिलाला पक्षकाराबाबत जो विशेषाधिकार आहे तसा डॉक्टर-समुपदेशकाला नाही, त्यामुळे न्यायालयाने विचारलं तर "गोपनीय आहे" म्हणून बसता येणार नाही, हे तुमच्या लोकांनाही ठाऊक असू द्या.

टिपणाबद्दल: क्लायंटचे शब्द अवतरणचिन्हांत, विचारलेले प्रश्न आणि उत्तरं, कुणाशी सल्लामसलत केली, कोणते पर्याय पाहिले, आणि जो *निवडला नाही* तो का नाही. न कळवण्याचा निर्णय घेतलात तर हा शेवटचा भाग म्हणजेच कलम ३३ मधलं तुमचं "वाजवी कारण". त्याच दिवशी लिहा, वेळ घाला. नंतर काही आठवलं तर आधीचं खोडू नका, खाली नव्या तारखेने जोडा. घटना घडून गेल्यावर टिपण "नीट" करणं किंवा फाडणं हा वेगळाच गुन्हा होऊन बसतो. क्लायंटला मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २५ खाली स्वतःची कागदपत्रं मागता येतात. त्याने त्याला गंभीर मानसिक इजा किंवा दुसऱ्याला धोका होणार असेल तर तेवढा भाग रोखता येतो. म्हणून बळीने फोनवर सांगितलेलं वेगळ्या पानावर ठेवा.

खाडीपार

ऑनलाइन सेशनसाठी एक भर. प्रत्येक वेळी सुरुवातीलाच विचारून लिहून ठेवा: "आत्ता कुठे आहात?" पूर्ण पत्ता, शहर नुसतं नाही. क्लायंट पुण्यात राहतो म्हणून नोंद असते आणि तो त्या दिवशी म्हापशाला बहिणीकडून बोलत असतो. मग महाराष्ट्रातल्या ठाण्याला फोन करून वेळ जातो. दर तिमाहीला आपत्कालीन संपर्काचे नंबर लावून बघा, बंद पडलेले निघतात.